मानेला बसलेला हिसका
(मंडळाच्या वर्धापनदिन समारंभात झालेले भाषण)



आनंदाच्या प्रसंगी दुखण्याची कथा काय सांगायची, असे माझ्या मनात आले होते. पण आपल्या चिटणीसबाई म्हणाल्या, "डॉक्टरीणबाई, हळदीकुंकवाला बसलेल्यांत दोघीतिघी तरी मान धरलेल्या असतातच. त्यावरच बोला." म्हणून आज मानेविषयी, त्यातही मानेला अकस्मात बसणाऱ्या हिसक्याविषयी चार शब्द सांगते. आणि प्रारंभीच कबुली देते की, या बाबतीत मी स्वतः चुकलेली आहे.

आपल्या डोक्याचे वजन साधारण साडेचार ते पाच किलो, म्हणजे तांदळाच्या एका लहान पिशवीएवढे. हा भार सात मणक्यांच्या देठावर तोललेला असतो आणि स्नायू व अस्थिबंध त्याला चहूबाजूंनी धरून ठेवतात. आता आपण बसलेली मोटार सिग्नलला उभी आहे आणि मागून दुसरीने धडक दिली, असे समजा. पाठ आसनाबरोबर पुढे ढकलली जाते, डोके मात्र क्षणभर होते तेथेच राहते. मधल्या मधे मान नागमोडी वाकते. हे सारे सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याच्या आत घडते. स्नायूंना सावरायला सवडच मिळत नाही. इंग्रजीत याला 'व्हिपलॅश', म्हणजे चाबकाचा फटकारा, असे म्हणतात.

हे दुखणे मोठे फसवे आहे. धडक बसते त्या दिवशी बाई चालत घरी येते, स्वयंपाकही करते. दुसऱ्या दिवशी उठते तो मान आखडलेली, खांदे जड, डोक्याचा मागचा भाग ठणकतो, कधी गरगरते. क्ष-किरण फोटो काढावा तर तो स्वच्छ! कारण त्यात हाडे दिसतात, ताणलेले स्नायू दिसत नाहीत. मग घरात सुरू होते, "फोटो तर चांगला आला, मग दुखते कशाला?"

आता माझी चूक सांगते. माझ्या उमेदीच्या काळात असा रोगी आला की, आम्ही गळ्यात रुंद पट्टा अडकवीत असू आणि पडून राहायला सांगत असू. एका शिक्षिकाबाईंना मी सहा आठवडे तसे ठेवले. पट्टा काढला तेव्हा मान लाकडासारखी झालेली. फळ्याकडून वर्गाकडे वळायचे तर त्यांना सबंध अंग वळवावे लागे. त्या पुन्हा पुन्हा येऊ लागल्या, तेव्हा मी म्हणाले, "बाई, तुम्ही फार मनाला लावून घेता."

पुढे १९९५ साली कॅनडातील क्वेबेक येथील तज्ज्ञांच्या समितीने या दुखण्यावरचे संशोधन तपासून आपला अहवाल प्रसिद्ध केला. हाड मोडलेले नसेल तर पट्टा आणि विश्रांती यांनी दुखणे लांबते. मान हलती ठेवावी आणि रोजची कामे लवकर सुरू करावीत, असा त्याचा इत्यर्थ. तो वाचल्यावर मी बाईंच्या घरी जाऊन क्षमा मागितली. त्या म्हणाल्या, "मान वळली नाही याचे एवढे नाही हो. तुम्ही खरे मानले नाहीत, ते फार लागले."

भगिनींनो, ते वाक्य मी अद्याप विसरलेली नाही.

तर काय करावे? आधी धोका ओळखावा. हातापायांना मुंग्या किंवा बधिरपणा, हातातले बळ जाणे, मानेच्या मधोमध मणक्यावर दाबताच कळ येणे, शुद्ध हरपणे, वारंवार उलटी, यांपैकी काहीही असले तर उशीर करू नये. वय पासष्टीपुढचे असेल, माणूस पाचएक पायऱ्यांवरून पडले असेल किंवा स्कूटरवरून फेकले गेले असेल, तरीही आधी तपासणी हवी. अशा माणसाला ओढून बसवू नये; डोके आहे तसे स्थिर धरून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.

डॉक्टरांनी धोका नाही असे सांगितले की, मानेला कैदेत ठेवू नका. दिवसातून चारपाच वेळा मान सावकाश डावीकडे-उजवीकडे वळवावी, कान खांद्याकडे न्यावा, हनुवटी छातीकडे आणावी. थोडे ओढल्यासारखे वाटेल, त्याला भिऊ नये. पण कळ येईल इतका जोर नको. गरम पाण्याच्या पिशवीने बरे वाटते. वेदनाशामक गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावी, म्हणजे मान हलवणे सोपे जाते. भरलेली बादली आणि कडेवरचे मूल काही दिवस दुसऱ्याच्या हाती द्यावे. आणि कोणी कितीही आग्रह केला तरी मान 'मोडून' किंवा झटका देऊन घेऊ नये.

बहुतेकींना काही आठवड्यांत, फार तर दोनतीन महिन्यांत उतार पडतो. काहींचे दुखणे मात्र रेंगाळते. त्यांनी पुन्हा डॉक्टरांना दाखवावे, व्यायामतज्ज्ञाची मदत घ्यावी; त्यात कमीपणा नाही.

मोटारीत बसताना एक पाहत जा. आसनावरची डोके टेकायची उशी नुसती शोभेची नसते. तिचा वरचा काठ डोक्याच्या माथ्याइतका उंच आणि उशी डोक्यालगत हवी. मानेखाली ढकललेली उशी काही कामाची नाही.

शेवटी सासूबाईंना, जावांना आणि आपल्या घरच्या पुरुषमंडळींना एवढेच सांगणे की, फोटोत दिसत नाही ते दुखणे खोटे नसते. "दुखते" म्हणणारीला आधी खरे माना, मग हळूहळू हिंडतेफिरते करा. निम्मे औषध त्यातच आहे.