लोकरीचा गुंडा आणि घरातला कुत्रा

घरात कुत्रा असेल तर विणकामाची पिशवी उंचावर ठेवा. सुईची भीती वाटतेच, पण खरा घात करतो तो धागा. गिळलेल्या धाग्याचं एक टोक जिभेखाली किंवा जठरात अडकतं, बाकीचा आतड्यात सरकतो. मग आतडं त्याच्यावर चुण्यांसारखं गोळा होतं आणि ताणलेला धागा ते कापत जातो. उलट्या होतात, खाणं सुटतं. तोंडातून किंवा मागून टोक दिसलं, तरी ओढू नका. तडक पशुवैद्याकडे न्या.

राहिला कुत्र्यासाठी विणायचा स्वेटर. जर्मन शेफर्डच्या अंगावर दुहेरी केसांचा थर असतो, त्याला तो नकोच, हौस आपलीच! आखूड केसांच्या म्हाताऱ्या कुत्र्यासाठी मात्र जरूर विणा. छातीचा घेर पुढच्या पायांच्या मागून मोजा आणि बटणं लावू नका, कुत्रे ती चावून गिळतात.