दुसरी किल्ली
(गणेशोत्सवात मंडळाच्या सभागृहात दिलेले भाषण)



पूर्वी निपाणीचा तंबाखू कोल्हापूरकडे निघाला, की ट्रक नाक्यावर कागद दाखवायला थांबायचा. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि ते नाके गेले. मात्र १ एप्रिल २०१८ पासून, पन्नास हजारांवरचा माल परराज्यात न्यायचा तर ई-वे बिल लागू लागलं. कागल आपल्याला शेजारचं गाव. कायद्याला ते परराज्य.

हे बिल काढायच्या सरकारी संकेतस्थळाला आता दुहेरी कुलूप आहे. आधी पासवर्ड, मग ओटीपी. वीस कोटींवर उलाढाल असणाऱ्यांना ते १ जानेवारी २०२५ पासून सक्तीचं झालं, आणि १ एप्रिल २०२५ पासून सगळ्यांनाच.

आमच्या वखारीत काय झालं, ते सांगतो. ट्रक भरून उभा. पासवर्ड दिवाणजींना पाठ, पण ओटीपी यायचा नानांच्या मोबाईलवर. नाना वारीला गेलेले, मोबाईल पिशवीत बंद. ट्रक संध्याकाळपर्यंत जागेवर! आम्ही पोर्टलच्या नावानं बोटं मोडली. खरी चूक आमची होती. एकच लॉगिन चौघे जण वापरत होतो.

ओटीपी एसएमएसवर येतो, 'संदेस' ॲपवर येतो, किंवा 'एनआयसी-जीएसटी-शील्ड' या ॲपमध्ये दिसतो. हे तिसरं ॲप ई-वे बिलाच्या पोर्टलवरूनच उतरवून घ्यायचं. नोंदणी झाली, की त्यातला आकडा दर तीस सेकंदांनी बदलतो आणि त्याला इंटरनेट लागत नाही. घड्याळाच्या वेळेवरून मोबाईल आणि पोर्टल आपापल्या जागी तोच आकडा काढतात. म्हणून मोबाईलचं घड्याळ बरोबर हवं. ते पुढेमागे झालं, तर आकडा जुळत नाही.

आणि दिवाणजींसाठी? मुख्य लॉगिनमधून त्यांचं स्वतंत्र उपखातं उघडता येतं, त्यांच्याच मोबाईल क्रमांकावर. नाना आधी बिचकले. "तीस वर्षांचा माणूस. वेगळं खातं काढलं तर त्याला वाटेल, आपला विश्वास उडाला."

दिवाणजीच म्हणाले, "नाना, आजवर माझ्या हातून बिलं निघाली ती तुमच्या नावावर. उद्या कुणी खोटं बिल काढलं, तर बोट माझ्याकडेच वळणार. माझं काम माझ्या नावावर दिसू द्या."

मंडळी, वेगळी किल्ली देणं हा अविश्वास नव्हे. तो त्या माणसाचा मान आहे. आणि फोनवर कुणी गोड बोलून ओटीपी मागितला, तर तो साहेब असो की पाहुणा, द्यायचा नाही.

आरतीनंतर मी इथेच बसतो. ज्यांना उपखातं काढायचंय, त्यांनी मोबाईल घेऊन या. पासवर्ड मात्र मलाही सांगू नका!

गणपती बाप्पा मोरया!