रनाळ्याची सावली आणि अर्धी पृथ्वी

आवाज नीट येतोय ना? मागे पंखा चालू आहे, त्याला इलाज नाही, रनाळ्यात मे महिना आहे.

आज एका शाळेबद्दल बोलणार आहे. पुणे विद्यापीठाच्या आवारात भरलेली १२ दिवसांची उन्हाळी विज्ञान शाळा. त्या आवारात आयुका आहे, एनसीआरए आहे, आणि उन्हाळ्यात तिथे खगोलाच्या अशा शाळा भरतात. बहुतेक कॉलेजच्या पोरांसाठी. आमची बॅच मात्र मिश्र होती: बी.एस्सी.ची मुलं, दोन-तीन शिक्षक, एक निवृत्त बँकवाले काका, आणि मी. वय ३४, धंदा झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरणं.

मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला फिजिक्स सोडलं. आप्पा गवंडी. परांचीवरून पडले, कंबर गेली, आणि घरात कमावणारा मी एकटा उरलो. यात कुणाची चूक नाही. पण आमच्या घरात हा विषय कुणी काढत नाही. आप्पा तर अजिबात नाही.

म्हणून मी जातो म्हटल्यावर बायको म्हणाली, "सीझन तोंडावर आलाय, दुकान मी बघते, जा." आप्पा काहीच बोलले नाहीत.

पहिले तीन दिवस मी मागच्या बाकावर. खरं सांगतो, लाज वाटत होती. बोर्डावर इंटिग्रल आलं की शेजारची वीस वर्षांची पोरगी भराभर लिहायची आणि मी नुसता पेन फिरवायचो. मग चौथ्या दिवशी सरांनी विचारलं, "पुण्याच्या बरोब्बर उत्तरेला कुणाचं गाव आहे?"

सगळे मोबाइलमध्ये नकाशा उघडून बसले. मी बघितलं तर रनाळं! पुण्याच्या किंचित पूर्वेला, पण जवळजवळ सरळ वर, हवाई अंतर साधारण ३१० किलोमीटर. मी हात वर केला. त्या शाळेतला पहिला हात.

आता हे काय प्रकरण, ते ऐका. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात एराटोस्थेनिस नावाचा माणूस अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयाचा प्रमुख होता. दक्षिणेला सायीनी, म्हणजे आजचं अस्वान, तिथे वर्षातल्या एका दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो हे त्याला माहीत होतं. त्याच दुपारी अलेक्झांड्रियात मात्र सावली पडते. त्या सावलीचा कोन आला वर्तुळाचा पन्नासावा भाग. म्हणजे दोन शहरांमधलं अंतर गुणिले पन्नास, झाला पृथ्वीचा घेर. काठी, सावली आणि गुणाकार, बास.

पुण्यात सूर्य डोक्यावर येतो १३-१४ मेच्या सुमारास. तेव्हा पुणे आमचं सायीनी, आणि रनाळं अलेक्झांड्रिया. (हे वाक्य मी घरी फोनवर बोललो तेव्हा बायको म्हणाली, उन्हात फिरू नका.)

काम दिलं मुलीला, पाचवीत आहे. एक मीटरचा पाइप अंगणात रोव, सव्वाबारापासून पाऊण वाजेपर्यंत दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकावर खूण कर, सगळ्यात आखूड सावली मोज. घड्याळात बारा वाजले म्हणजे सूर्य माथ्यावर आला असं नसतं हो. आपलं घड्याळ ८२.५ अंश रेखांशावर लावलेलं, आपण त्याच्या बरेच पश्चिमेला, म्हणून आपली खरी दुपार मेमध्ये साडेबाराच्या आसपास होते.

तिचा आकडा आला ९ सेंटीमीटर. मी वर्गात उभं राहून गणित केलं. कोन पाच अंशांच्या थोडा वर. घेर २१,७०० किलोमीटर.

खरा घेर ४०,०००. मी अर्धी पृथ्वी गायब केली होती. वर्ग हसला. वाईट हेतूने नाही, पण हसला. मला मात्र ती कॉलेजची जुनी वही आठवली, जी मी रद्दीत दिली होती. रात्री घरी फोन केला आणि म्हटलं, राहू द्या, हे आपलं काम नाही.

फोन आप्पांनी घेतला. त्यांनी एकच विचारलं, "ओळंबा कोनी लावा व्हता?"

कुणीच नव्हता लावला.

दुसऱ्या दिवशी काय झालं ते मला मुलीने सांगितलं. आप्पांनी माळ्यावरची हत्यारांची पिशवी खाली काढायला लावली. अपघातानंतर ती उघडलीच नव्हती. खुर्चीत बसून त्यांनी तिच्याकडून वाळूच्या बादलीत पाइप उभा करून घेतला, दोन बाजूंनी ओळंबा धरून बघितला, जमीन पाणसळीने तपासली, बादलीखाली चपटा दगड सरकवायला लावला. आदल्या दिवशी पाइप उत्तरेकडे जेमतेम ४ सेंटीमीटर कलला होता, डोळ्यांना दिसणारही नाही एवढा. पण सावलीच मुळात पाच सेंटीमीटरची, तिथे चार म्हणजे सगळंच गेलं!

नवा आकडा: ४.७ सेंटीमीटर. कोन २.६९ अंश. घेर साधारण ४१,५००.

सर म्हणाले, एवढा फरक राहणारच. सूर्य ठिपका नाही, आकाशात अर्धा अंश रुंद थाळी आहे. त्यामुळे एक मीटर काठीच्या सावलीची कड जवळजवळ ९ मिलिमीटर पुसट असते. त्यात नेमकं टोक कुठलं, हे ठरवणाऱ्यावर. आणि पुण्यातली सावली आम्ही शून्य धरली, तिथेही दुसऱ्या दिवशी किंचित चूक आलीच. मग त्यांनी विचारलं, ओळंबा कुणाची कल्पना? मी म्हटलं, माझे वडील गवंडी आहेत. पुढचे पंधरा मिनिटं वर्ग ओळंब्यावर चालला. ओळंबा पृथ्वीच्या मध्याकडे बोट दाखवतो म्हणून हे सगळं गणित उभं राहतं, हे मी बी.एस्सी.त शिकलो होतो की नाही, देव जाणे.

पुढे खोडदला जीएमआरटी बघायला नेलं, ४५ मीटर व्यासाच्या ३० दुर्बिणी, त्यावर वेगळा भाग करेन. एवढ्यात एक बातमी: मुक्त विद्यापीठाचा फॉर्म मी यंदा स्वतःसाठी भरलाय. लोकांचे भरून देतो त्याचे पैसे घेतो, हा फुकट भरला.

आणि हो, नंदुरबारकडच्या मंडळींनो, आपल्याकडे सूर्य डोक्यावर येतो २७ मेच्या आसपास आणि पुन्हा जुलैच्या मध्यात, पण जुलैत ढगांचा भरवसा नाही. या दोन तारखांच्या मधल्या काळात दुपारची सावली दक्षिणेला पडते, बघितलंय कधी? आमच्या अंगणात बादली तयार आहे. आप्पा आत्ताच मागून विचारतायत, "पाइप दीड मीटरना लेवाना का?" तुम्ही पण लावा, आकडा पाठवा. ओळंबा विसरू नका.