एकटा प्रवासी आणि सामाईक चूल

एकट्या प्रवाशाला सोबती मिळतो कसा? मला वाटते, पुष्कळसा जागेच्या मांडणीमुळे. १९०९ साली शिरमान नावाचे जर्मन शिक्षक मुलांसह पायी हिंडत असता वादळात सापडले. रात्र एका शाळेत पेंढ्यावर काढली. त्या कल्पनेतूनच १९१२ साली आल्टेनाच्या किल्ल्यात पहिले कायमचे युवक-वसतिगृह निघाले. अशा वसतिगृहांत निजायची खोली सामाईक, स्वयंपाकघरही सामाईक. चिमूटभर मीठ हवे असले तरी शेजाऱ्याशी बोलावेच लागते! हॉटेलात दार लावले की संपले. आपल्या धर्मशाळांनी पुष्कळांना आसरा दिला; पण तिथे चुली वेगवेगळ्या, आणि कित्येकांना तर ओसरीही बंद होती. मग ओळख व्हायची कुणाची? वसतिगृहात आडनावाआधी प्रश्न येतो, "उद्या कुठल्या वाटेने?"