उत्तर आयर्लंड : शस्त्रसंधीनंतरचा संवाद



शस्त्रे थांबली की शांतता नांदू लागते, असा आपला सर्वसाधारण समज असतो. तो किती अपुरा आहे, हे उत्तर आयर्लंडने दाखवून दिले आहे; म्हणून या स्मृतिव्याख्यानासाठी मी तो विषय निवडला.

आयर्लंडचे एकीकरण इच्छिणारे राष्ट्रवादी आणि ब्रिटनशी नाते राखू पाहणारे संघवादी यांच्या संघर्षात तीन दशकांत सुमारे ३,५०० माणसे प्राणास मुकली. ऑगस्ट १९९४ मध्ये आयरिश रिपब्लिकन आर्मीने आणि ऑक्टोबरात संघवाद्यांच्या बाजूच्या सशस्त्र गटांनी युद्धविराम जाहीर केला. मात्र आधी शस्त्रत्याग की आधी चर्चा, या प्रश्नावर घोडे अडले. अमेरिकेचे माजी सिनेटर जॉर्ज मिचेल यांच्या समितीने जानेवारी १९९६ मध्ये मध्यममार्ग सुचविला : लोकशाही व अहिंसेची तत्त्वे मान्य करणाऱ्यांनी चर्चेस बसावे आणि चर्चा चालू असतानाच निःशस्त्रीकरण व्हावे. पुढच्याच महिन्यात लंडनमधील स्फोटाने युद्धविराम मोडला. तो जुलै १९९७ मध्ये पुन्हा जोडला गेला.

१० एप्रिल १९९८ रोजी करार झाला. दोन्ही समाजांची सत्तेत भागीदारी ठरली आणि बहुमताच्या संमतीवाचून प्रदेशाचा राजकीय दर्जा बदलणार नाही, हे मान्य झाले. युद्धविराम पाळणाऱ्या गटांच्या कैद्यांना दोन वर्षांत सोडण्याचेही ठरले. ज्यांची माणसे मारली गेली होती, त्यांना हे कलम किती जड गेले असेल! तरीही मे महिन्यातील सार्वमतात उत्तरेतील ७१ टक्के मतदारांनी कराराला कौल दिला. ऑगस्टमध्ये करारविरोधी गटाने ओमा येथे घडविलेल्या स्फोटात २९ जण ठार झाले. त्यानंतरही संवाद तुटला नाही, ही मला त्या राजकारणातील सर्वांत मोठी गोष्ट वाटते.

रिपब्लिकन आर्मीने शस्त्रे निकामी केल्याची ग्वाही मिळण्यास सप्टेंबर २००५ उजाडले. कराराचे कडवे विरोधक इयान पेस्ली आणि रिपब्लिकन आर्मीचे एकेकाळचे नेते मार्टिन मॅक्गिनेस मे २००७ मध्ये एकाच मंत्रिमंडळाचे प्रमुख झाले. दोघांनीही आपली निष्ठा सोडली नव्हती; ती कशाने पुढे न्यायची, एवढेच बदलले होते.

पुढेही वाट सरळ नव्हती. २०१७ ते २०२० आणि २०२२ ते २०२४ या काळात तेथील सरकार ठप्प झाले. सशस्त्र गटही पुरते नामशेष झालेले नाहीत. खंडणी, धाकदपटशा आणि गल्लीतला परस्पर ‘न्याय’ यांतून ते वस्त्यांवर पकड ठेवू पाहतात. म्हणून पोलिसांवरील विश्वास, तरुणांना रोजगार आणि राजकीय पक्षांची नित्य बोलणी यांची गरज संपत नाही. चर्चा खुंटली की त्या रिकाम्या जागेत कोण शिरतो, हे तेथील जनतेने पाहिले आहे.

मित्रहो, मतभेद मिटेपर्यंत बोलणे लांबणीवर टाकू नये; मतभेद असतानाच बोलावे लागते. ही सवय शाळेच्या वर्गातच लागू शकते. तिचे मोल आपण जाणाल, असा विश्वास व्यक्त करून मी आपली रजा घेतो.