वकिलातीतला संसार



वकील म्हटले की वडूजच्या नाहीतर तासगावच्या कोर्टाबाहेर काळा कोट घालून उभा असलेला माणूस तुमच्या डोळ्यांपुढे येईल. पण शब्द जुना आहे आणि मराठेशाहीत त्याचा अर्थ निराळा होता. एका राजाच्या वतीने दुसऱ्या दरबारी जाऊन राहायचे, तिथली खबर धन्याला कळवायची आणि धन्याची बाजू तिथे मांडायची, हे काम करणारा तो वकील. त्याच्या कचेरीला वकिलात म्हणत. परदेशातल्या आपल्या राजदूताच्या कचेरीला मराठीत आजही हेच नाव आहे. त्या वकिलातीत राजदूताची बायको काय करते, याबद्दल आज मला तुमच्याशी बोलायचे आहे.

आता तुम्ही म्हणाल, आमचा याच्याशी काय संबंध? संबंध आहे, आणि तो चांगला जुना आहे. साताऱ्याने एक वकील थेट लंडनला पाठवला होता. १८३९ साली कंपनी सरकारने प्रतापसिंह महाराजांना गादीवरून काढून काशीला धाडले. त्यांची दाद लागावी म्हणून रंगो बापूजी गुप्ते विलायतेला गेले आणि परत आले ते १८५३ च्या अखेरीस. तोवर महाराज काशीलाच वारले होते आणि साताऱ्याचे राज्य खालसा झाले होते. पुढे १८५७ मध्ये रंगो बापूजींच्या मुलाला, सीतारामला, साताऱ्यात फाशी दिले, आणि ते स्वतः परागंदा झाले ते पुन्हा सरकारच्या हाती लागले नाहीत. रंगो बापूजींचे अर्ज, त्यांच्या खटपटी, त्यांची कर्जे हे सगळे इतिहासात आले आहे. मात्र त्या चौदा वर्षांत इकडचे घर ज्यांनी ओढले, त्या माणसांबद्दल आपण सहसा बोलत नाही.

त्या काळी वकिलाचे कुटुंब मागे राहत असे. आता ते बरोबर जाते. याचेही उदाहरण आपल्याच भागातले आहे.

औंध संस्थान तुम्हाला माहीत आहे. खटाव तालुक्यातले औंध आज सातारा जिल्ह्यात, तर त्याच संस्थानची आटपाडी आणि कुंडल सांगली जिल्ह्यात. राजे भवानराव म्हणजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी सूर्यनमस्कारांसाठी प्रसिद्ध. १९३९ मध्ये त्यांनी आपणहून राज्यकारभार प्रजेच्या हाती दिला. त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले आणि त्याच वर्षी अप्पासाहेब भारताचे कमिशनर म्हणून पूर्व आफ्रिकेत नैरोबीला गेले. तिथे १९५४ पर्यंत. मग १९५५ पासून १९६१ पर्यंत गंगटोक, तिथून इंडोनेशिया, १९६४ मध्ये नॉर्वे, १९६६ मध्ये इजिप्त, १९६९ मध्ये लंडन, १९७२ मध्ये इटली. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, ते असे. त्यांच्या पत्नी नलिनीदेवी. त्या शिक्षणाने डॉक्टर होत्या, ही गोष्ट तुम्ही जरा लक्षात ठेवा. मी तिच्याकडे परत येणार आहे.

राजदूताचे घर म्हटले की बंगला, बाग, मोटार आणि नोकरचाकर हे सारे मनात येते. असते खरे. पण ते घर तिचे नसते. खुर्च्या सरकारच्या, गालिचे सरकारचे, ताटल्यांवर आणि पेल्यांवर तीन सिंहांची राजमुद्रा. या सगळ्याची यादी असते. बदली झाली की वस्तूवस्तू मोजून हवाली करायची. शिक्षक मंडळींना हे चटकन कळेल. मुख्याध्यापकाचा चार्ज देताना डेड स्टॉक रजिस्टर पुढे ठेवून बाके आणि नकाशे मोजून द्यावे लागतात ना, तसेच. फरक इतकाच, की इथे तुम्ही त्या रजिस्टरातच राहता. पाहुण्याच्या हातून बशी फुटली तरी तिची नोंद असते.

आणि पाहुणे तर रोजचे. आज त्या देशाचा मंत्री जेवायला, उद्या दिल्लीहून आलेले खासदार, परवा तिथे शिकणारी आपली मुले, तेरवा दोन वर्तमानपत्रवाले. खर्चासाठी सरकार ठराविक रक्कम देते आणि तिचा हिशेब द्यावा लागतो. पण कोण काय खातो, कोण कोणाशी बोलत नाही, कोणाला कोणाशेजारी बसवायचे, हा हिशेब घरच्या बाईने डोक्यात ठेवायचा.

आपल्याकडच्या जुन्या पाटलीणबाई आठवा. चावडीवर मामलेदार आला, फौजदार आला, की वाड्यात सांगावा जायचा: चार पानं वाढा. पाटलाला वतन होते, मान होता. वाड्यातल्या चुलीला ना वतन, ना मुशाहिरा. पण त्या चुलीवरचा स्वयंपाक बिघडला असता तर गावाची अब्रू गेली असती. राजदूताची बायको म्हणजे अशी देशाची पाटलीणबाई. मला ही तुलना फार दूरची वाटत नाही.

मानपानाचेही तसेच. आपल्याकडे पालखीला पहिला खांदा कोणाचा, यावरून भाऊबंदकी होते. युरोपात राजदूतांच्या गाड्या पुढे जाण्यावरून जुन्या काळी खरोखर मारामाऱ्या झाल्या आहेत. शेवटी १८१५ मध्ये व्हिएन्ना शहरी सगळ्यांनी बसून नियम केला, की एका दर्जाच्या राजदूतांत जो त्या देशात आधी रुजू झाला तो वरचा. देश मोठा की लहान, ते पाहायचे नाही. १९६१ च्या व्हिएन्ना करारातही तेच तत्त्व कायम राहिले. म्हणजे आपल्या खंडप्राय देशाचा राजदूत काल आला असेल, तर लहानशा बेटाचा जुना राजदूत त्याच्या वरच्या खुर्चीवर बसेल. नवऱ्याची जी पायरी तीच बायकोची. टेबलावर नावांच्या चिठ्ठ्या मांडताना एक चिठ्ठी चुकली, की दुसऱ्या दिवशी रुसवा आलाच. आपल्या लग्नातला वरमाईचा रुसवा एका दिवसात निवळतो; हा तीन वर्षे पुरतो.

पण पंगतीची खरी गोष्ट नैरोबीची आहे. १९४८ मध्ये केनियावर इंग्रजांचे राज्य होते आणि तिथे कातडीच्या रंगावरून माणसाची जागा ठरे. गोऱ्यांच्या वस्त्या वेगळ्या, हिंदी माणसांच्या वेगळ्या, आफ्रिकनांच्या त्याहून वेगळ्या. डोंगराळ भागातली उत्तम जमीन गोऱ्यांसाठी राखून ठेवलेली. हॉटेलांत काळ्या माणसाला मज्जाव. अशा शहरात भारताच्या कमिशनरच्या घरी जोमो केन्याटांसारखे आफ्रिकन पुढारी येऊ-जाऊ लागले. बरोबरीने बसून जेवणे हेच तिथे राजकारण होते. पंगतीत कोणाला घ्यायचे आणि कोणाला उंबऱ्याबाहेर बसवायचे, याचा अर्थ आपल्या महाराष्ट्रातल्या माणसाला कोणी शिकवायला नको. इंग्रज सरकारला ती ऊठबस खपली नाही, त्यांनी दिल्लीकडे तक्रारी केल्या. १९५२ च्या ऑक्टोबरमध्ये केनियात आणीबाणी पुकारून केन्याटांना पकडले. १९५४ मध्ये अप्पासाहेब तिथून निघाले. कागदोपत्री ही कामगिरी कमिशनरची. पण घरचे दार कोणासाठी उघडायचे, हे घरातल्या माणसांची साथ असल्याशिवाय ठरत नसते.

देश बदलला की हवा बदलते, अन्न बदलते. केनियातला उगाळी म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा. तो आपल्या माणसाला लगेच गळी उतरतो. नॉर्वेत पापडासारखी पातळ, कुरकुरीत भाकरी करतात आणि महिनोन् महिने ठेवतात. सोलापूरची कडक भाकरी खाल्लेल्याला तिचे नवल वाटायचे नाही. मात्र तिथला डिसेंबर कठीण. ऑस्लोत सूर्य नऊनंतर उगवतो आणि तीनच्या सुमारास मावळतो. माणदेशच्या उन्हात वाढलेल्या बाईने अशा घरात दुपारी तीनला दिवे लावून बसायचे, शेजारणीची भाषा कळत नाही, नवरा कचेरीत. ही एकटेपणाची गोष्ट मेजवान्यांच्या वर्णनात कधी येत नाही.

कधी जिवाचा प्रसंगही येतो. १९६२ मध्ये इंडोनेशियात जाकार्ताला आशियाई खेळ भरले होते. इस्रायल आणि तैवानच्या खेळाडूंना यजमानांनी येऊ दिले नाही, याला आपले गुरुदत्त सोंधी यांनी हरकत घेतली. त्यावरून ३ सप्टेंबरला तिथल्या भारतीय वकिलातीवर जमाव चालून गेला. त्या वेळी राजदूत होते अप्पासाहेब. दुसऱ्या दिवशी खवळलेल्या प्रेक्षकांसमोर आपल्या फुटबॉल संघाने सुवर्णपदक जिंकले, ते आपल्याला आठवते. तसेच १९६७ च्या जूनमध्ये इजिप्त-इस्रायल युद्ध पेटले तेव्हा हे कुटुंब कैरोला होते. सैनिकाच्या बायकोला निदान आपल्या गावात राहून वाट पाहता येते.

आता त्या डॉक्टरकीकडे येऊ. १९६१ च्या व्हिएन्ना कराराने वकिलातीच्या अधिकाऱ्याला त्या देशात स्वतःच्या फायद्यासाठी धंदा-व्यवसाय करायला मनाई केली. बायकोलाही यजमान देशाच्या परवानगीवाचून नोकरी धरता येत नाही. त्यात एका देशाची डॉक्टरकी दुसऱ्या देशात चालेलच असे नाही. नव्याने परीक्षा द्या, तिथली भाषा शिका, आणि ते होईतो बदलीचा हुकूम येतो. एका ठिकाणी साधारण तीन वर्षे. डॉक्टर असो, शिक्षिका असो, वकील असो (मी कोर्टातला म्हणतोय), शिकलेली बाई नवऱ्याच्या नेमणुकीबरोबर आपली विद्या पेटीत घालून नेते आणि बऱ्याचदा तशीच परत आणते. पुढे भारताने बऱ्याच देशांशी करार केले. त्यांनुसार अशा जोडीदाराला परवानगी काढून पगारी नोकरी करता येते. मात्र त्या नोकरीपुरते वकिलातीचे कायदेशीर संरक्षण सोडावे लागते.

याची दुसरी बाजू ऐका. १९४९ मध्ये कूर्गच्या सी. बी. मुथम्मा परराष्ट्र सेवेत आल्या. त्या सेवेतल्या त्या पहिल्या स्त्री अधिकारी. लग्न केल्यास राजीनामा देईन असे त्यांच्याकडून लिहून घेतले होते. पुढे १९६१ च्या नियमांतही तेच आले: स्त्री अधिकाऱ्याने लग्नाआधी सरकारची लेखी परवानगी काढायची, आणि संसारामुळे कामात खोळंबा होतो असे सरकारला वाटले तर तिने नोकरी सोडायची. मुथम्मा सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १९७९ मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी या नियमांवर कडक ताशेरे ओढले. गंमत पाहा, पुरुष अधिकाऱ्याला घरी बायको असणे हे सरकारच्या सोयीचे, कारण ती वकिलातीचे निम्मे काम फुकट करते. आणि स्त्री अधिकाऱ्याला संसार असणे ही अडचण! एकच संसार, पण खतावणीत एकदा जमेला आणि एकदा खर्चाला. मला तर हा हिशेब लबाडीचा वाटतो. आज स्त्रिया राजदूत आहेत, नवरा-बायको दोघेही त्याच सेवेत असलेली जोडपी आहेत, आणि बायकोच्या नेमणुकीबरोबर परदेशी जाऊन घर सांभाळणारे नवरेही आहेत. त्यांना मात्र लोक कौतुकाने त्याग म्हणतात.

मुलांचे काय? मॉस्को, तेहरान आणि काठमांडू इथे केंद्रीय विद्यालये निघाली. बाकी ठिकाणी इंग्रजी शाळा. दर तीन वर्षांनी नवी शाळा, नवा वर्ग, नव्या सवंगड्यांची नावे. घरात बाईने मराठी बोलायचे ठरवले तर मराठी राहते, नाही तर एका पिढीत जाते. दुसरा मार्ग वसतिगृहाचा, आणि तो आपल्या जिल्ह्यातून जातो. पाचगणीच्या शाळांत परमुलखी नोकरी-धंदा करणाऱ्यांची मुले कितीतरी वर्षे शिकत आली. झांझीबारच्या सरकारी कचेरीतल्या एका पारशी गृहस्थाचा मुलगा आठव्या वर्षी तिथे आला. पुढे जगभर गाजलेला गायक फ्रेडी मर्क्युरी तो हाच. आठव्या वर्षी मूल समुद्रापलीकडे ठेवायचे, हे आईला किती जड जात असेल, ते पाचगणीच्या जुन्या मास्तरांना माहीत.

आज खटाव, माण, तासगाव, वाळवा या तालुक्यांतली मुले मोठ्या परीक्षा देतात. उद्या तुमच्या शाळेतून शिकून शिक्षिका झालेल्या मुलीला परराष्ट्र खात्यातल्या मुलाचे स्थळ आले, तर परदेश म्हणून हुरळून जाऊ नका आणि घाबरूही नका. काही गोष्टी सुपारी फुटण्याआधी विचारून घ्या. तिची पदवी तिकडे चालेल का? ज्या देशात जायचे त्याच्याशी आपला नोकरीचा करार आहे का? इथली सरकारी नोकरी असेल तर रजेचे काय? सलग पाच वर्षांपलीकडे रजा मिळत नाही, आणि परदेशच्या दोन नेमणुका लागोपाठ झाल्या की सहा वर्षे होतात. मध्ये दिल्लीची बदली मिळणार का, हे मुलाने खात्यात विचारून सांगावे. ते त्याला कळू शकते.