टाकलेलं आतडं, उरलेला पडदा

(वसंत व्याख्यानमाला, बेल्लमपल्ली)



बेल्लमपल्लीत येऊन समुद्राच्या तळाशी राहणाऱ्या प्राण्यावर बोलायचं म्हणजे जरा धाडसच. पण या मुलखाला समुद्र अगदीच परका नाही. आदिलाबादजवळचा पैनगंगेकाठचा चुनखडक समुद्रातच साचला. फक्त तो इतका जुना आहे की त्या समुद्रात अजून प्राणीच नव्हते. तुमच्या खाणीतला कोळसा त्या मानानं अलीकडचा, गोड्या पाण्याच्या दलदलीतला, सुमारे २७ कोटी वर्षांचा. आणि ज्या प्राण्याविषयी मी बोलणार आहे, त्याच्या कातडीतल्या चुन्याच्या बारीक कण्या ४० कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांतही सापडतात. म्हणजे कोळशापेक्षा तो जुनाच.

हा प्राणी म्हणजे समुद्रकाकडी. ही भाजी नव्हे, तारामाशाची नातेवाईक. जगभरात तिच्या सुमारे १७०० जाती आहेत. रत्नागिरी-मालवणकडे ओहोटीला खडकांच्या सांदीत कधीमधी दिसते, पण तिचं खरं राज्य मन्नारचं आखात, पाल्कची सामुद्रधुनी, लक्षद्वीप आणि अंदमान. हाताला चामड्याच्या ओल्या पिशवीसारखी लागते. एका टोकाला तोंड आणि त्याभोवती स्पर्शिका, दुसऱ्या टोकाला गुदद्वार. बऱ्याच जाती श्वासही या मागच्या दारानंच घेतात. वाळू गिळायची, तिच्यातला कुजका अंश पचवायचा आणि धुतलेली वाळू मागे टाकायची, हा तिचा दिवसभराचा उद्योग.

तिला फार छेडलं, पाणी तापलं किंवा नासलं, तर ती आपलं आतडं अंगाबाहेर टाकते. सगळंच्या सगळं. प्रयोगशाळेत हे घडवायला पोटॅशियम क्लोराइडचं एक इंजेक्शन पुरतं. होलोथुरिया गटातल्या जाती मागच्या दारानं आतडं टाकतात आणि त्याबरोबर श्वसनाचा एक फाटाही जातो. दुसऱ्या एका गटात पुढचं टोकच फुटतं: तोंड, स्पर्शिका, घसा, अगदी तोंडाभोवतीचं मज्जातंतूंचं कडंसुद्धा निघून जातं. ही मोडतोड आंधळी नसते. ज्या बंधांनी आतडं जागेवर धरलेलं असतं, ते एरवी चिवट असतात, पण मज्जासंस्थेचा इशारा मिळाला की काही क्षणांत मऊ पडून तुटतात.

इथे एक गफलत नेहमी होते. काही जाती गुदद्वारातून पांढरे चिकट धागे सोडतात आणि सतावणारा खेकडा त्यात गुरफटतो. हे धागे म्हणजे आतडं नव्हे. ते वेगळं हत्यार आहे. तेही पुन्हा उगवतं.

आतडं का टाकते? शत्रूच्या तोंडी देऊन पळून जाते, असं पुस्तकांत असतं. गोष्ट झकास आहे, पण समुद्रकाकडी पळून पळून जाणार किती? उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका जातीत तर शत्रू नसतानाही दर वर्षी थंडीच्या तोंडावर आतली इंद्रियं झिजून जातात. माझ्या मते एकच कारण शोधत बसण्यात अर्थ नाही.

मला जास्त रस आहे तो मागे काय उरतं यात. बोकडाचं आतडं ज्यांनी साफ होताना पाहिलं असेल, त्यांना आतड्याला धरून असलेला पातळ पडदा आठवेल. समुद्रकाकडीतही तो असतो, आणि आतडं टाकताना तो मात्र ती टाकत नाही. त्याची एक कड शरीराच्या भिंतीला चिकटून राहते, दुसरी फाटकी कड पोकळीत लोंबकळत असते. पोर्टो रिको विद्यापीठातले होसे गार्सिया-अरारास आणि त्यांचे विद्यार्थी होलोथुरिया ग्लाबेरिमा या जातीत पुढे काय होतं ते वर्षानुवर्षं पाहत आले आहेत.

पहिल्या आठवड्यात जखम भरते आणि ती फाटकी कड जाड व्हायला लागते. दुसऱ्या आठवड्यात तिथे एक भरीव दोरा तयार होतो, जिथे आधी आतडं होतं अगदी त्याच वाटेनं. मग तो पोकळ व्हायला लागतो, आणि तोही दोन्ही टोकांकडून: घशाचा बुंधा इकडून पुढे सरकतो, गुदद्वाराकडचा तिकडून. खाणीत दोन तोंडांनी गॅलरी खोदत आणून मध्ये जोडतात, हे तुम्हाला नवं नाही. फरक इतकाच, की इथे सर्व्हेअर नाही. वाट त्या पडद्यानंच आखून ठेवलेली असते. चारेक आठवड्यांत बारीक पण चालू आतडं तयार. तोवर खाणं बंद, अंगच्या साठ्यावर गुजराण. साहजिकच ती रोडावते.

हे नवं आतडं कोणत्या पेशींचं? उरलेल्या टोकांच्या अस्तराच्या पेशी वाढतात, हे ठीक. पण ज्या जातीचं पुढचं टोकच गेलं, तिचं काय? २००५ साली व्लादिमिर माशानोव, इगोर दोल्मातोव आणि थॉमस हाइन्झेलर यांनी एका अशा जातीत दाखवलं, की पडद्यावरच्या साध्या आवरणपेशी आपलं जुनं रूप सोडून आतड्याचं अस्तर बनतात. राखीव मूळपेशींचं कोठार उघडावं लागत नाही. ज्या पेशी एक काम करत होत्या, त्याच दुसऱ्या कामाला लागतात. आणि जखमेजवळचं कोलॅजन त्या काळात कमी होतं. माणसात नेमकं उलटं: कोलॅजन साचून व्रण बनतो.

आपल्या आतड्याचं अस्तरसुद्धा चार-पाच दिवसांत बदलतं, म्हणजे पेशींना वाढता येत नाही असं नाही. शस्त्रक्रियेत आतड्याचा मोठा तुकडा काढला तर उरलेल्या भागातले अंकुर लांबतात, तो भाग जास्त शोषायला लागतो. पण कापलेली लांबी परत येत नाही. समुद्रकाकडीची येते, पण तेवढ्यावरून कुणी तिची भुकटी भरलेल्या कॅप्सूल घेऊन आलं, तर पैसे खिशातच ठेवा. तिच्या पेशींची युक्ती आपल्या पोटात पचून जाईल, रुजणार नाही.

चीन आणि आग्नेय आशियात मात्र तिला पक्वान्न म्हणून प्रचंड मागणी आहे. पकडल्यावर ती बिचारी आतडं टाकते, पण त्यानं सुटका होत नाही. पोट साफ करून तिला उकळतात; वाळूतल्या जातीला मग वाळूतच पुरून ठेवतात, म्हणजे चुन्याच्या कण्यांचा थर सुटतो; घासून, वाळवून माल तयार. मन्नारच्या आखातात या धंद्यानं तिची संख्या इतकी खालावली, की २००१ मध्ये केंद्रानं सगळ्या समुद्रकाकड्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातल्या. आता ती पकडणं हा गुन्हा आहे. ज्यांचं पोट याच मासेमारीवर होतं, त्या रामनाथपुरम भागातल्या कोळ्यांची तक्रार तेव्हापासून चालू आहे, आणि ती ऐकून घेण्यासारखी आहे, कारण वाळूतल्या जातीची पिल्लं हॅचरीत वाढवणं तूतीकोरिनला केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या डी. बी. जेम्स यांनी १९८८ सालीच जमवलं होतं.

महिन्यात आतडं उगवणाऱ्या या प्राण्याची संख्या मात्र अशी झटपट भरून येत नाही. नर आणि मादी आपापली बीजं थेट पाण्यात सोडतात. जवळपास पुरेशा समुद्रकाकड्या नसतील तर ती एकमेकांना भेटतच नाहीत, म्हणून थोड्या उरल्या की त्या थोड्याच राहतात. २०२० मध्ये लक्षद्वीपनं चेरियापाणी परिसरातले २३९ चौरस किलोमीटर खास समुद्रकाकड्यांसाठी राखून ठेवले, ते त्या तिथे दाटीनं राहाव्यात म्हणून.